अर्ध्या ग्रेपफ्रूटची आजी

सातवा मजला,
पार्क अव्हेन्यू, न्यूयॉर्क
(तारीख घालत नाही, कारण पत्र आजच संपेल याची खात्री नाही.)

प्रिय धाकट्या बहिणीस, म्हणजे पिप तुला, थोरल्या ओटिलीचे आशीर्वाद. तुझी, तुझ्या नवऱ्याची आणि व्हरमाँटच्या त्या डोंगरावरच्या समस्त मेंढ्यांची प्रकृती उत्तम असेल असं धरून चालते. माझा डावा गुडघा हवामानखात्यापेक्षा आधी थंडीची वर्दी देतो आणि बरोबर देतो. कमोडोर आता चौदा वर्षांचा झाला, ऐकू येत नाही, पण कुत्र्यानं ऐकावं असं या शहरात कोणी बोलतही नाही. तुझं चीज पोचलं. (त्याबद्दल धन्यवादाचं कार्ड तुला वेगळं मिळालं असेलच. धन्यवादाचं पत्र वेगळं आणि मजकुराचं वेगळं, ही आईची शिस्त मी तरी सोडलेली नाही. तू सोडलीस. मागच्या नाताळात मी पाठवलेल्या मोज्यांची पोच अजून यायची आहे.) पत्रास कारण असं काही नाही, आणि असलंच तर ते शेवटी येईल. मधलं वाचल्याशिवाय शेवटाकडे उडी मारू नकोस, तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

आई म्हणायची, अभिमान हा आतल्या परकरासारखा असावा, नेसलेला असावा पण दिसू नये. तर पिप, माझा गेले काही महिने चांगला वीतभर खाली लोंबतो आहे आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही. हॉलिसच्या पुस्तकांवरून टीव्हीची मालिका निघाली, हे तुझ्या डोंगरापर्यंत पोचलं असेलच. हॉलिस माझी नात आहे आणि तिला तिच्या बापानं नव्हे, मी वाढवलं आहे, हेही तुला सांगायला नको. पण सांगते. हल्ली मी हे दूधवाल्यापासून बिशपपर्यंत सगळ्यांना सांगते.

पुस्तकांपासून सुरुवात करते, कारण तू ती वाचलेली नाहीस. (पहिल्या पुस्तकाची तीन पानं वाचून तू मला फोन केला होतास, 'यातल्या मुली जेवत का नाहीत गं?' असं विचारायला.) 'सातव्या मजल्यावरच्या मुली' या नावाची सहा पुस्तकं आहेत. आपल्या भागातल्या शाळेत जाणाऱ्या श्रीमंत मुली एकमेकींचे मित्र पळवतात, खोटं बोलतात, आयांचे बूट घालतात आणि शाळेच्या पायऱ्यांवर बसून तिसरीची हजामत करतात. आईबाप पॅरिसला नाहीतर वकिलाकडे. पहिलं पुस्तक आलं तेव्हा क्लबात हलकल्लोळ झाला. तिघीचौघींनी त्यात स्वतःला ओळखलं, आणि बिचाऱ्या मिसेस ल्यूडिंग्टननी नवऱ्याला. त्यांनी हॉलिसचं नाव काढणं सोडलं. पुढची पुस्तकं मात्र त्यांनी मोलकरणीच्या नावावर मागवली. मला हे ठाऊक आहे, कारण मीही माझी पहिली प्रत तशीच मागवणार होते. फक्त मला मोलकरीण नाही.

त्यात एक आजी आहे, ड्रूसिला नावाची. मी चार ओळींत ओळखलं. कपात बुडवायची चहाची पुडी दोनदा वापरते. नाताळातले भेटींवरचे कागद इस्त्री करून पुढच्या वर्षाला ठेवते. मेलेल्या नवऱ्याचं स्वेटर घालते, ज्याच्या कोपरांतून कोपरं दिसतात. गालिच्याला भोक पडलं तेव्हा तिनं गालिचा बदलला नाही, भोकावर खुर्ची ठेवली, आणि त्या खुर्चीवर बसायची पाहुण्यांना बंदी केली कारण ती खुर्चीही मोडलेली आहे. पाहुण्यांना मऊ पडलेली बिस्किटं देते आणि वर ती कुरकुरीत असल्यासारखी बघते. माझ्या चिरंजीवांचा, प्रेस्कॉटचा, तातडीनं फोन आला. (तो हल्ली फ्लोरिडात असतो, त्या होडी शिकवणाऱ्या बाईबरोबर. ती आता होडीही शिकवत नाही.) "आई, ही तुझी बदनामी आहे, आपण वकील लावू या." म्हटलं, "बदनामी कसली? एकूण एक खरं आहे. उलट बिस्किटांच्या बाबतीत पोरीनं हातचं राखून लिहिलंय."

पिप, तुला काय सांगू! साठ वर्षं आपण जे जपलं, आहे ते दिसू न देणं, जुनं ते विटेपर्यंत आणि विटल्यावरही वापरणं, ते कधी कोणाच्या डोळ्यांत भरलं नव्हतं. भरू नये हाच तर त्यातला मुद्दा. आणि या पोरीनं ते बारीकसारीक टिपून ठेवलं होतं, जेवणाच्या टेबलावर मान खाली घालून. आता शाळकरी मुली आमच्या इमारतीखाली उभ्या राहतात. मी कमोडोरला घेऊन बाहेर पडले की कुजबुज होते, 'तीच ती, तीच ती! स्वेटर बघ!' (मी हल्ली जरा हळू चालते. गुडघ्यामुळे.) एका मुलीनं तर माझी सही मागितली, चहाच्या पुडीवर. मी दिली. पण पुडी कोरी होती, न वापरलेली, आणि तसं मी तिला बोलूनही दाखवलं. ती आनंदानं किंचाळली. म्हणे अगदी पुस्तकातल्यासारखं बोललात.

पण त्यातला मुकुटमणी म्हणजे तिसऱ्या पुस्तकातला वाढदिवस. आईबाप फुटलेले आहेत, बाप कोणाबरोबर तरी गेलाय, आई विश्रांतीसाठी अॅरिझोनाला, आणि नायिका अकरा वर्षांची असताना एक पेटी घेऊन आजीच्या दारात येते. दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस. सकाळी टेबलावर केक नाही, फुगे नाहीत. आजी तिच्यापुढे अर्धं ग्रेपफ्रूट, म्हणजे संत्र्याचा तो आंबट-कडू थोरला भाऊ, ठेवते आणि वर्तमानपत्र वाचू लागते. बस्स. एवढाच प्रसंग. पोरी म्हणे हा वाचून हमसून हमसून रडतात. मीही वाचला. (रडले नाही. सर्दी होती.) कारण पोरीनं पुढं लिहिलंय की त्या ग्रेपफ्रूटची एकूण एक फोड वाकड्या सुरीनं सालीपासून सोडवलेली होती, एकेक बी काढलेली होती, आणि पापुद्र्याचा धागासुद्धा राहिलेला नव्हता. हे करायला पहाटे उठावं लागतं, पिप. आपल्या दोघींना कोणी कधी सोलून दिलं होतं का? चमच्यानं ओरबाडून खायचो आणि डोळ्यांत रस उडवून घ्यायचो. मी ते तिला शाळा सुटेपर्यंत रोज सकाळी दिलं आणि त्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. आणि पोरीला ते कळलं होतं! मी पुस्तक मिटलं आणि कमोडोरला म्हटलं, "झालं. ओटिली हॅलस्टेडच्या आयुष्याचं चीज झालं." (तेव्हा त्याला थोडं ऐकू यायचं.)

आता टीव्ही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ट्रेंट नावाचा निर्माता आला. वय तिशीच्या आत, दाढी होती पण मोजे नव्हते. बरोबर एक मुलगी, तिच्या हातात फोटो काढायचं यंत्र. हॉलिसनं पाठवलं होतं, की आजीचं घर बघायचं तर खुद्द आजीचंच बघा. मी दार उघडलं. अंगावर नवऱ्याचं, अॅम्ब्रोजचं, तेच स्वेटर, हातात कमोडोरला पुसायचं फडकं, कारण तो नुकताच पार्कातून आला होता. ट्रेंट गोड हसून म्हणाला, "बाई घरात आहेत का?" मी म्हटलं, "आहेत की," आणि त्यांना आत घेऊन बसवलं. मग फडकं ठेवून त्यांच्यासमोर बसले. बराच वेळ तो दाराकडे बघत होता, बाई कधी येतात म्हणून. शेवटी मीच म्हटलं, "जे बघायचंय ते बघून घ्या, बाई याहून चांगली दिसणार नाही." तो इतका दचकला की त्या मोडक्या खुर्चीवर बसला. पुढचं तुला सांगायला नको. गालिच्यातलं भोक मात्र त्याला अगदी जवळून बघायला मिळालं.

उठवून, झटकून मी त्यांना सगळं घर दाखवलं. पणजोबांचं तैलचित्र (ओल लागून नाक गेलेलं), बादल्या लावलेली मागची खोली, तुझ्या-माझ्या लहानपणीचं बाथटब, ज्याचा गरम पाण्याचा नळ गार पाणी देतो आणि गार पाण्याचा काहीच देत नाही. दोघं नुसती एकमेकांकडे बघत होती. मला वाटलं भारावून गेलेत. मी मऊ बिस्किटं पुढं केली. निघताना त्या मुलीनं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "तुमची काळजी घ्या हं." दोन दिवसांनी दरवान वर एक टोपली घेऊन आला. टोपलीत सूपचे डबे, पाव, मध, संत्री आणि लोकरीचं पांघरूण! सोबत चिठ्ठी, 'कंपनीतल्या आम्हा सगळ्यांकडून. संकोच करू नका.' मला हसू फुटलं, पिप. अख्खी इमारत पणजोबांनी बांधली, आणि हे मला सूप पाठवतात! परत पाठवायची होती, पण कार्ड लिहायला बसले तोवर सूप उघडलं गेलं होतं. टोमॅटोचं होतं. बरं होतं. पांघरूण कमोडोरला लागलं.

तर आमचं घर नापास झालं. 'प्रेक्षकांना ही आजी श्रीमंत वाटणार नाही,' असं ट्रेंटनं हॉलिसला कळवलं. मग त्यांनी कोणाचं घर पसंत केलं, ओळख. बाराव्या मजल्यावरच्या डार्लीन कपचिकचं! (गॅरेजची दारं विकून झालेला पैसा, तोही ओहायोत. मागं मी तुला लिहिलं होतं, सोसायटीत त्यांना घ्यायचं की नाही यावरून किती खल झाला ते.) तिथं न्हाणीघरात सोन्याचे नळ आहेत, कोणालाच वाजवता न येणारा पांढरा पियानो आहे आणि दिवाणखान्यात माणसाच्या उंचीचा चिनीमातीचा चित्ता आहे, ज्याला बघून कमोडोरनं आयुष्यात पहिल्यांदा लिफ्टकडे स्वतःहून धाव घेतली. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मी म्हणणार होते, पण डार्लीन बाई स्वभावानं उथळ नाही हे मला पुढं मान्य करावं लागलं, ते येईलच. ट्रेंटला चित्ता फार आवडला.

पण अडलं कुठं? इमारतीत चित्रीकरण करायचं तर सोसायटीची परवानगी लागते, आणि सोसायटीची अध्यक्ष कोण? गेली बावीस वर्षं बिनविरोध? अडला हरी म्हणतात तसा ट्रेंट पुन्हा माझ्या दारात, या वेळी मोजे घालून. "मिसेस हॅलस्टेड, त्या दिवशी आमचा जरा गैरसमज..." "सूप उत्तम होतं," मी म्हटलं. "पुढच्या वेळी मशरूमचं पाठवा." परवानगी मी दिली, हॉलिससाठी. अटी घातल्या. खालच्या दालनातल्या बाकावर कोणी पाय ठेवायचे नाहीत, फुलांचे मनोरे रचायचे नाहीत, आणि चित्रीकरण चालू असताना अध्यक्षांना हवं तेव्हा हवं तिथं बसायची मुभा. शेवटची अट त्यानं नीट वाचली नाही.

पहिला भाग लागला तेव्हा मी योगायोगानं डार्लीनकडे तिचं भांडं परत करायला गेले होते. (माझ्याकडे टीव्ही नाही आणि नसणार, हे तुला ठाऊकच आहे.) पिप, देवाशपथ सांगते, पडद्यावर जी बाई आली ती बघून मी हातातलं भांडं सोडलं असतं, पण मी भांडी सोडत नाही. सकाळच्या न्याहारीला गळ्यात हिरे! मागं पांढरे हातमोजे घातलेला बटलर! आणि ती त्या चित्त्याशेजारी बसून पोरीला म्हणते, 'माझ्या सोन्या, माझ्या राणी.' सोन्या! राणी! मी हॉलिसला आयुष्यात 'सरळ बस' याहून लाडकं नाव घेतलेलं नाही. डार्लीन आपली टिपं गाळत होती. "किती प्रेमळ आजी आहे हो!" "ही आजी नाही, ही दागिन्यांची पेढी आहे," मी म्हटलं. "ड्रूसिला कुठं आहे? चहाची पुडी कुठं आहे?" डार्लीन म्हणाली, "अहो, पुस्तक वेगळं, टीव्ही वेगळा. पुस्तकात बाई काय आहे ते बसून कळतं. इथं एका मिनिटात कळायला लागतं." मग तिनं मला गरम बिस्किटं दिली. कुरकुरीत होती. मी दुसरं घेतलं.

तरी मी धीर धरला. म्हटलं, हिरे असू देत, बटलरही असू दे, तिसऱ्या पुस्तकाचा वाढदिवस येईल तेव्हा सगळं धुऊन निघेल. अर्धं ग्रेपफ्रूट ठेवलं की बाईचे हिरेही माफ. मी क्लबात सगळ्यांना सांगून ठेवलं, मिसेस ल्यूडिंग्टनना दोनदा. आणि ऑक्टोबरात कळलं, वाढदिवसाचा प्रसंग आमच्याच इमारतीत घेणार, खालच्या दालनात. (टेबल सोडून दालनात कशाला, हे विचारायचं माझ्या लक्षातच आलं नाही.) मी चांगली निळी टोपी घातली, कमोडोरला घेतलं आणि अध्यक्षांच्या अधिकारात दिव्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. त्यांनी मला दोनदा हलवलं. मी दोनदा परत आले.

ती नटी बाई भली आहे, रंगभूमीवरची आहे, चालणंबोलणं खानदानी. इमारतीचं दार उघडतं, पोर पेटी घेऊन आत येते. आणि बाई धावत जाते. धावते, पिप! आमच्या संगमरवरावरून! पोरीला कवेत घेते, डोकं छातीशी धरते, डोलते, आणि म्हणते, 'मी आहे ना. मी आहे ना गं.' मी म्हटलं आता मिठी सोडेल आणि ग्रेपफ्रूट काढेल. कुठलं काय! ट्रेंट डोळे पुसतोय, आणि वर पुन्हा एकदा घेऊ म्हणाले. त्यांनी तो प्रसंग इतक्या वेळा घेतला की त्या एका सकाळीत तिथं जितक्या मिठ्या झाल्या तितक्या आपल्या घराण्यात स्वातंत्र्ययुद्धापासून झाल्या नसतील. (तू मारलेल्या सोडून. अॅम्ब्रोजच्या अंत्यविधीला तू बिशपना, शवपेटी उचलणाऱ्यांना आणि गाडीच्या चालकालाही मिठी मारली होतीस, मला वाटतं तो अजून त्यातून सावरलेला नाही. मलाही मारलीस तेव्हा मी छत्र्यांच्या स्टँडसारखी उभी होते, हे तू नंतर सगळ्यांना सांगितलंस. माझ्या कानावर आलं.)

शेवटी मला राहवेना. बाई पुन्हा धावायला लागली तशी मी उठले आणि काठी आपटून म्हटलं, "थांबा! हे साफ खोटं आहे. पुस्तक वाचलंय का कोणी इथं? त्या दिवशी कोणी कोणाला मिठी मारली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं ग्रेपफ्रूट होतं, फोडी सोडवलेलं, आणि ते या सगळ्या रडारडीपेक्षा लाखपटीनं भारी होतं. कुठल्या दीडशहाण्यानं लिहिलाय हा प्रसंग?"

ट्रेंट आपल्या मोज्यांकडे बघू लागला. मग दिव्यांच्या मागून हॉलिस पुढं आली. लालबुंद झाली होती, लहानपणी काच फोडल्यावर व्हायची तशी.

"मीच लिहिलाय, आजी."

"तू?"

"पुस्तकात जे झालं तेच लिहिलं ना मी," ती म्हणाली. "ते तसंच्या तसं लिहून झालंय. मग इथं म्हटलं, जे नाही झालं ते लिहून बघावं. कसं दिसतं ते. एवढंच गं."

पिप, पोर माझ्यासमोर हातभर अंतरावर उभी होती, दोन्ही हात मोकळे सोडून, आणि मला कळत होतं की आता काहीतरी करायची पाळी माझी आहे, सगळे दिवे लावलेले आहेत, सगळी माणसं बघतायत. मी पुढं झाले. आणि म्हटलं, "तुझी कॉलर वाकडी झालीय," आणि ती नीट केली. दोन्ही बाजूंनी. जरा जास्त वेळ लागला, कारण कॉलर तशी वाकडी नव्हती. ती हसली. "थँक्यू, आजी," म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून वाटलं की तिला सगळं कळलं. तिला नेहमीच सगळं कळतं, हीच तर पंचाईत आहे. मग मी ट्रेंटला म्हटलं, "चालू द्या तुमचं," खुर्ची उचलली, कमोडोरला उचललं, आणि लिफ्टनं वर आले. त्यांना माझ्याशिवाय तो प्रसंग एका फेरीत मिळाला म्हणे.

तर असं आहे. मला कसलाही पश्चात्ताप नाही हे तू लिहून ठेव. ग्रेपफ्रूट ते ग्रेपफ्रूटच. मिठी कोणीही मारतं, त्याला सुरी लागत नाही. पुस्तक हे टीव्हीपेक्षा केव्हाही सरस, आणि ड्रूसिला ही या शहरातली एकमेव आजी आहे जिच्यासाठी शाळकरी पोरी चहाच्या पुड्या घेऊन थंडीत उभ्या राहतात. माझी नात घडलेलं लिहिते तेव्हा मुलींना रडवते आणि न घडलेलं लिहिते तेव्हा ट्रेंटला, याहून जास्त अभिमान एका बाईनं किती करायचा? मेंढ्यांना माझा नमस्कार, तुझ्या नवऱ्याला आशीर्वाद, आणि मोज्यांची पोच पाठव.

तुझी थोरली बहीण,
ओटिली

ता. क. ट्रेंटनं माझा मान राखला. मिठीनंतरच्या प्रसंगात टेबलावर ग्रेपफ्रूटं ठेवलीयत. चांदीच्या परातीत, अख्खी, रास करून, शोभेला! कोणी खात नाही. चित्रीकरण संपल्यावर मी सगळी मागून आणली. मार्मालेड केलंय, तुला एक बरणी ठेवली आहे.

दुसरा ता. क. डार्लीनबद्दल मी वर जे लिहिलं त्यातलं चित्त्याचं तेवढं खरं धर. मी दर मंगळवारी तिच्याकडे भांडं परत करायला जाते. भांडं आता आमच्यात सारखं फिरतं, ते मुळात कोणाचं याचा दोघींनाही विसर पडलाय. क्लबात बोलू नकोस. आणि दहाव्या भागात ती हिरेवाली बाई पोरीच्या खोलीच्या दाराबाहेर नुसती उभी राहते, आत न जाता, तिथं मला पुन्हा सर्दी झाली.

तिसरा ता. क. पत्रास कारण. थँक्सगिव्हिंगच्या सणाला हॉलिस जेवायला येते आहे, एकटी. तू आदल्या दिवशीच्या गाडीनं ये. मला एका बाबतीत माहिती हवी आहे, आणि ओळखीत तुझ्याइतका अनुभव कोणाचा नाही. हात नेमके कुठं ठेवायचे, दोन्ही वर की एक वर आणि एक खाली? डोकं कुठल्या बाजूला न्यायचं, आणि दोघींनी एकाच बाजूला नेलं तर? ती माझ्याहून उंच आहे, त्याचं काय करतात? आणि सोडायचं कधी हे कोण ठरवतं? पत्रानं समजावू नकोस, मला वाचून जमणार नाही. हे प्रत्यक्षच बघावं लागेल, आणि सरावाला तुझ्याखेरीज माणूस नाही. (कमोडोरवर करून बघितलं. तो चावला.) मी स्टेशनावर घ्यायला येईन. फलाटावर मी दोन्ही हात पसरून उभी दिसले तर घाबरून डॉक्टरला बोलावू नकोस. मला झटका आलेला नसेल. तू फक्त पेटी खाली ठेव आणि पुढं ये.